रॉड, ब्लोअर की ऑइल हीटर? आधी घरातलं सॉकेट बघा

मावशी निफाडला राहते. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीये आणि थंडीचे ते दिवस तोंडावर आलेत जेव्हा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि आजूबाजूचे द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणून तिचा फोन आला, "अगं बाळ-बाळंतिणीच्या खोलीत कुठला हीटर ठेवू, दुकानदार चार प्रकार दाखवतोय आणि चारही बेस्ट म्हणतोय." नेमकं तेव्हाच नाशिकला आमच्या फ्लॅटमध्येपण हाच विषय चालू होता कारण सासऱ्यांच्या खोलीतला जुना हीटर बदलायचा होता, बाबांना वीस वर्षांपासून शुगर आहे आणि पहाटे पाचला उठायची सवय. दोन घरं, माणसं वेगळी, भिंतीतलं वायरिंग वेगळं, त्यामुळे उत्तरंही दोन आली. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी प्रकार सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको. पहिला रॉडवाला, ज्यात काचेच्या नळ्या लालभडक होतात. क्वार्ट्झमध्ये बहुतेक वेळा ४०० वॅटच्या दोन नळ्या असतात म्हणजे ८०० वॅट, हॅलोजनमध्ये तीन म्हणजे १२००, आणि हॅलोजनवाला टेबलफॅनसारखा मान फिरवतो. दुसरा ब्लोअर, आत तापणारी कॉइल आणि मागे पंखा, बटण १००० आणि २०००चं. तिसरा सिरॅमिक, दिसायला ब्लोअरचाच भाऊ पण आत उघड्या कॉइलऐवजी पीटीसी नावाच्या सिरॅमिकच्या पट्ट्या असतात. चौथा ऑइल हीटर, पात्यापात्यांचा, खाली चाकं, ९, ११ किंवा १३ पाती, साधारण २००० ते २५०० वॅट, आणि काहींना पुढे ४०० वॅटचा छोटा ब्लोअर जोडलेला असतो म्हणजे एकूण २९००.

आता एक गैरसमज जो मावशीच्या दुकानदारानेही सांगितला आणि माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांनाही खरा वाटतो, की ऑइल हीटर "कमी विजेत जास्त गरम करतो". तसं होत नाही. विजेचा हीटर कुठलाही असो, एक युनिट वीज घेतली की एका युनिटचीच उष्णता देतो, तीनशे रुपयांचा असो की पंधरा हजारांचा. फरक एवढाच की ती उष्णता तुमच्यापर्यंत कशी येते, किती वेळाने येते, आणि हीटर स्वतः मधूनमधून बंद होतो की नाही. म्हणून "कुठला जास्त गरम" हा प्रश्न सोडून द्या. आमच्याकडे दोन प्रश्नांवर सगळं ठरलं: हीटर चालू असताना खोलीतलं माणूस जागं असणार की झोपलेलं, आणि आपल्या भिंतीतलं सॉकेट किती करंट झेपवतं.

सॉकेट, कारण आमच्याकडे जे झालं ते इथेच झालं

तीन वर्षांपूर्वी आम्ही ब्लोअर आणला, २००० वॅटचा, चांगला, आयएसआय मार्कवाला. बाबांच्या पलंगाजवळ फक्त टीव्हीचा लहान पॉइंट होता म्हणून हॉलमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढला आणि त्याला लावला. आठ-दहा दिवस काही नाही. मग एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास, आधी वाटलं बाहेर कुणीतरी कचरा पेटवलाय, खिडकी लावली तरी वास तसाच. बोर्डाला हात लावला तर चटका बसला. बटण बंद करून पिन ओढली तर ती एकदम निघेना, हलवून हलवून काढली तेव्हा सॉकेटचं पांढरं प्लास्टिक पिनेला चिकटून तारेसारखं लांब ओढलं गेलं, भोकाभोवती तपकिरी कडं पडलेलं, आणि पितळेच्या एका पिनेवर काळा थर. बोर्डाखाली सतरंजी होती. ती घडी अजून ठेवलीये मी, तिच्यावर एक पिवळट डाग आहे.

ह्यात हीटरची चूक नव्हती. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो आणि त्या बोर्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ६ए लिहिलेलं होतं. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, बस. वर सॉकेटमधली पितळी पकड सैल झालेली, तिथे समजा अर्धा ओहम जरी रोध आला तरी ८.७ अँपिअरला त्या एका टिंबावर जवळपास ३८ वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ रिपेअरवाल्याकडची साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते. म्हणजे आम्ही सतरंजीवर दीड सोल्डरिंग इस्त्री रात्रभर चालू ठेवली होती असं समजा. एमसीबी पडला नाही कारण त्याच्या दृष्टीने करंट जास्त झालाच नव्हता, तो वायरमधून किती करंट जातोय ते बघतो, सॉकेट सैल आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. "एमसीबी आहे ना, काही होणार नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

तर आता चारही प्रकार ह्या एका कसोटीवर लावून बघा. ८०० वॅटचा क्वार्ट्झ साडेतीन अँपिअर घेतो, भिंतीतल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला आरामात चालतो. १२०० वॅटचा हॅलोजन पाच-सव्वापाच घेतो, चालतो पण काठावर, पॉइंट जुना आणि सैल असेल तर नको. ब्लोअर आणि सिरॅमिक १००० वर ठेवले तर ४.३, पण २००० चं बटण दाबलं की थेट १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो, गीझरला किंवा फ्रिजला असतो तो. आणि २९०० वॅटचा ऑइल हीटर साडेबारा अँपिअर घेतो, त्याला मोठ्या पॉइंटशिवाय लावायचा विचारही करू नका. ह्या जड हीटरची पिन मुद्दाम जाडी असते म्हणजे लहान सॉकेटमध्ये बसूच नये, आणि आपण काय करतो तर दुकानातून जाड-ते-बारीक अ‍ॅडॅप्टर आणतो. तो अ‍ॅडॅप्टर करंट कमी करत नाही, फक्त बसवून देतो. एक्स्टेंशन बोर्ड, मल्टिप्लग, अ‍ॅडॅप्टर, तिन्ही हीटरला बाद. चारही प्रकारांना.

तिसऱ्या पिनेबद्दल पण एक, अर्थिंगची. ऑइल हीटरचं सगळं अंग लोखंडी पत्र्याचं, आत कुठे इन्सुलेशन गेलं तर तो करंट अंगावर येऊ नये म्हणून ती पिन आहे. सॉकेटचं वरचं भोक रिकामं असतं, मागे तारच जोडलेली नसते, अशी घरं जुन्या भागात कितीतरी आहेत. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, त्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे.

नवीन हीटर आणल्यावर पहिल्या दिवशी एक काम करा, अर्धा तास फुल चालवा, मग बटण बंद करा, पिन काढा आणि प्लगच्या पाठीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तो पॉइंट बदलल्याशिवाय परत लावू नका. आम्ही आता दर थंडीत दिवाळीनंतर हे करतो.

झोपलेलं माणूस आणि जागं माणूस

रॉडवाला हीटर जागेपणीचा आहे. त्याची उष्णता उन्हासारखी समोर पडते, हवा तापायची वाट बघावी लागत नाही, बटण दाबलं की दहा सेकंदात अंगाला ऊब. पण समोर जे असेल ते तापतं, गोधडी असो, पडदा असो, साडीचा पदर असो. सगळीकडे सांगतात तीन फूट लांब ठेवा, आणि जागेपणी आपण ठेवतोही, पण झोपेत गोधडी लाथाडली जाते, लहान मूल पाय ताणतं, पलंगावरून उशी खाली पडते, तेव्हा ते तीन फूट मोजायला कुणी जागं नसतं. म्हणून रॉडवाला आणि झोप एका खोलीत नको, मी ह्यात कुठलीच सवलत देणार नाही.

ब्लोअरचं मधलं. लाल दिसत नाही, हवा पटकन गरम करतो, पण मागची जाळी धुळीने किंवा पडद्याने झाकली गेली की आतली कॉइल भराभर तापते, मग आतला कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारी पत्री, पडायला हवा आणि बहुतेक वेळा पडतोही. पण आपली रात्रीची झोप त्या वीस रुपयांच्या पत्रीवर सोडायची का ते ठरवा. सिरॅमिकमध्ये इथे खरा फायदा आहे. पीटीसीचा गुण असा की ठराविक तापमानाच्या वर गेलं की त्याचा रोध एकदम वाढतो आणि तो स्वतःच वीज कमी घेतो, म्हणजे हवा अडली तरी कॉइलसारखा लाल होत जात नाही. ब्लोअर आणि सिरॅमिक ह्यात दोन-तीन हजारांचा फरक पडत असेल तर तो द्या असं माझं मत.

ऑइल हीटरमध्ये तेल जळत नाही आणि बदलावंही लागत नाही, ते आत कायमचं बंद असतं, फक्त उष्णता साठवायचं काम करतं. तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतो, आवाज नाही, उजेड नाही, आणि थर्मोस्टॅटवर स्वतः बंद-चालू होतो. बंद केल्यावरही अर्धा तास ऊब देत राहतो. झोपायच्या खोलीसाठी चारांत हाच. तरीसुद्धा माझी पद्धत अशी की झोपण्याआधी तासभर चालवायचा, खोली उबदार करायची, आणि दिवा मालवताना हीटरही बंद, फक्त बटण नाही तर पिन काढून. उरलेली रात्र गोधडी सांभाळते.

ह्याला कारण एक बातमी आहे जी मी विसरू शकलेले नाही. ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९ मजली इमारतीत आग लागली, १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. सुरुवात एका बेडरूममधल्या बिघडलेल्या पोर्टेबल इलेक्ट्रिक हीटरपासून. आग त्या घरापलीकडे फारशी पसरलीच नव्हती, पण पळताना घराचा दरवाजा उघडा राहिला, आपोआप लागायला हवा होता तो लागला नाही, आणि धूर जिन्यातून वर चढत गेला. माणसं गेली ती धुराने. आपल्याकडच्या सोसायट्याही आता बारा-पंधरा मजल्यांच्या झाल्यात. कधी अशी वेळ आलीच तर बाहेर पडताना दार मागे ओढून घ्या, मेन बंद करता आला तर करा, विजेच्या आगीवर पाणी टाकू नका आणि १०१ लावा.

अजून एक गोष्ट जी शहरातल्यांना सुचत नाही पण निफाडसारख्या ठिकाणी रोजची. लाइट जाते. रॉड विझतो, सगळे म्हणतात चला झोपा, कुणी बटण बंद करत नाही, आणि मध्यरात्री लाइट आली की तो रॉड एकटाच लाल होऊन बसतो, समोर काय सरकलंय ते न बघता. लाइट गेली की पहिलं काम हीटरची पिन काढणे. आणि व्होल्टेज कमी असेल तेव्हा हीटर खराब झालाय असं समजू नका, १८० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर सव्वाबाराशेच वॅट देतो, त्यात ब्लोअरचा पंखापण मंद फिरतो म्हणजे आत उष्णता साठते. रॉड आणि ऑइल हीटरला पंख्याचा हा त्रास नाही. इन्व्हर्टरवर मात्र कुठलाच चालवायचा नाही.

ज्यांना चटका कळत नाही

बाबांच्या उजव्या नडगीवर एक गुळगुळीत डाग आहे. हॅलोजनसमोर पाय करून ते पेपर वाचत बसायचे, शुगरमुळे पायाच्या नसा बधिर, त्यांना गरम लागतच नव्हतं, आणि एक दिवस आईंनी तेल लावताना फोड बघितला, रुपयाएवढा. भरून यायला दीड महिना लागला कारण शुगरवाल्यांची जखम अशीच रेंगाळते. ज्या घरात डायबिटीसचं, लकव्याचं किंवा खूप म्हातारं माणूस आहे तिथे रॉडवाला घेताना हा विचार आधी करा. चार फूट लांब, पायांवर रोख न धरता, पायात मोजे, आणि एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच.

रांगणाऱ्या मुलांसाठी रॉडची जाळी बघा, बोट आत जातं का ते स्वतःचं करंगळीचं टोक घालून, अर्थात बंद असताना. पण ऑइल हीटर लाल दिसत नाही म्हणून गार असतो असंही नाही हं, त्याची पाती चांगलीच तापतात, मूल धरून उभं राहिलं तर हात भाजणार. शिवाय त्याच्यावर कपडे वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो, लंगोट, दुपटी, मोजे, थंडीत काही वाळतच नाही ना. मावशीने हेच विचारलं होतं पहिलं. नाही घालायचे. कपडा टाकला की उष्णता आत कोंडते, आणि दुपट्यातून पाणी ठिबकलं तर ते खाली कंट्रोलच्या डब्यात जातं.

"हीटरने ऑक्सिजन जळतो" हे पण ऐकलं असेल. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, मग ऑक्सिजन कशाला जळेल. कोरडेपणा जाणवतो त्याचं कारण वेगळं, १० अंशाला ८० टक्के दमट असलेली हवा २२ अंशापर्यंत तापवली की तिचा दमटपणा ३७ टक्क्यांच्या आसपास येतो, पाणी तेवढंच असतं पण हवेची तहान वाढते. म्हणून ओठ फुटतात, बाळाचं नाक चोंदतं. हे चारही हीटरमध्ये सारखंच होतं, ऑइलवाला "हवा कोरडी करत नाही" ही जाहिरात आहे. त्याच्यात वाऱ्याचा झोत नसतो म्हणून ब्लोअरइतकं जाणवत नाही, एवढं खरं. खोली कमी तापवणं हाच उपाय. खिडकी दोन बोटं उघडी ठेवाच, बंद खोलीत चार माणसं झोपली की हवा कोंदट होते ती माणसांच्या श्वासाने.

पण जिथे खरंच काहीतरी जळतं तिथे हीच गोष्ट जिवावर येते, आणि ती म्हणजे शेकशेगडी. मावशीकडे अजून बाळंतिणीला शेक देतात, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, आणि तिच्या सासूबाईंचं म्हणणं हीटर कशाला, शेगडी आहे की. त्यांना मी उलट काही बोलले नाही, त्यांनी त्याच शेगडीवर सहा बाळंतपणं केलीत. पण तेव्हाची घरं कौलारू होती, फटीफटीतून वारा खेळायचा, आता तीच शेगडी स्लॅबच्या खोलीत, स्लायडिंग खिडकी लावून, दाराखाली पोतं सारून. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, गुंगी येते, आणि झोपलेलं माणूस जागंच होत नाही. निखारे लाल आणि बिनधुराचे दिसतात तेव्हाही तो निघत असतो. शेवटी असं ठरलं की शेक दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून, दहा-पंधरा मिनिटं, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि शेक झाला की शेगडी अंगणात. रात्री शेगडी घरात नाही. आजी तयार झाल्या. बाळासाठी खोलीत कुठलाही हीटर असो त्यापेक्षा आईच्या अंगाशी, कातडीला कातडी लावून ठेवणं जास्त उबदार असतं हे डॉक्टरांनीही सांगितलंय त्यांना, आणि मानेमागे हात लावून बघायचं, घाम असेल तर हीटर बंद, कपड्याचा एक थर कमी.

खोली कशी आहे आणि बिल किती

कौलं किंवा पत्रा असेल, वर मोकळी जागा असेल, तर ब्लोअर आणि ऑइल दोन्ही वाया. तापलेली हवा वर जाते आणि निघून जाते. तिथे रॉडवालाच बरा कारण तो हवेच्या नादी न लागता थेट माणसाला तापवतो. पडवीत, ओट्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला पण तोच. बंद फ्लॅटमध्ये, १० बाय १२ च्या खोलीत, नाशिक-पुण्याच्या थंडीला १००० ते १५०० वॅट पुरतात, २९०० चा ऑइल हीटर दिल्लीवाल्या आपल्या लोकांना लागेल, तिथे जानेवारीत धुक्यात दिवसादिवस ऊन नसतं. इकडे ९ पात्यांचा बस्स. बाथरूममध्ये मात्र कुठलाच न्यायचा नाही, ओलं अंग आणि उघडी पिन.

बिलाचा हिशोब सोपा आहे, वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट. हिशोबाला युनिट १० रुपये धरते, तुमच्या बिलावरचा स्लॅब बघून बदला. ८०० वॅटचा क्वार्ट्झ रोज तीन तास म्हणजे २.४ युनिट, २४ रुपये. २००० चा ब्लोअर चार तास म्हणजे ८ युनिट, ८० रुपये, महिन्याचे २४००. ऑइल हीटर २००० चा आठ तास लावला आणि थर्मोस्टॅटमुळे निम्मा वेळच वीज घेतली तरी तेच ८ युनिट. आणि हो, वर मासिक युनिट वाढले की आपण वरच्या स्लॅबमध्ये जातो म्हणजे शेवटचे युनिट जास्त महाग पडतात. खरंच बिल वाचवायचं असेल तर ज्यांच्याकडे हॉट अँड कोल्ड एसी आहे त्यांनी तो वापरावा, तो उष्णता तयार न करता बाहेरून आत ओढतो म्हणून एका युनिटात साधारण तिप्पट उष्णता देतो. पण फक्त हीटरच्या कामासाठी तो घ्यायचा तर आपल्याकडच्या दीड-दोन महिन्यांच्या थंडीला परवडत नाही.

दुकानात गेल्यावर हीटर चालू करून दाखवायला सांगा आणि सरळ तिरपा करा. पडल्यावर बंद होण्याचा स्विच असेल तर लगेच विझला पाहिजे. आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एल म्हणून नंबर असतो तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तिथेच बघा, दोन मिनिटांचं काम. वायर आखूड आहे म्हणून कुरकुर करू नका, ती मुद्दाम आखूड असते. ऑइल हीटर घरी आडवा घालून आणला असेल, रिक्षात वगैरे, तर उभा करून काही तास तसाच ठेवा, तेल खाली बसू द्या, मग लावा.

मावशीकडे शेवटी ९ पात्यांचा ऑइल हीटर घेतला, पंखा नसलेला, २००० चा. त्याच्या आधी वायरमन आला, मेन बोर्डापासून अडीच एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढून बाळंतिणीच्या खोलीत १६ अँपिअरचा पॉइंट काढला, अर्थिंगची पट्टी अंगणातल्या तुळशीपाशी नवीन पुरली. हीटर दाराजवळच्या भिंतीला, खाट समोरच्या भिंतीला, मधे पाच फूट. संध्याकाळी सात ते आठ आणि पहाटे बाळाला तेल लावायच्या आधी अर्धा तास, बाकी बंद.

आमच्याकडे ऑइलवाला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण बाबा पहाटे पाचला उठून तासभर पूजेला बसतात आणि तेवढ्यासाठी अर्धा तास आधी कुणी उठून हीटर लावणार नाही. त्यांना सिरॅमिक घेतला, १००० वर चालवतो, भिंतीतल्या पॉइंटला, तोंड पायांकडे न करता पाठीकडे, चार फुटांवर. जुना हॅलोजन भंगारात देताना त्याची वायर आधी कापून टाकली, नाहीतर कुणीतरी उचलून परत लावला असता.